तापलेलं चाक आणि अण्णांचा पाय

आमच्या गल्लीत गाड्या तीन आणि गाडीतलं कळणारे मात्र घरटी दोन. माझ्या गाडीचा ब्रेक किंचाळायला लागला तेव्हा या सगळ्यांना काम मिळालं. सिमेंटचं दुकान असलेल्या शेजाऱ्याने कमरेवर हात ठेवून सांगितलं की खडा अडकलाय. मस्तगड भागातल्या स्पेअर पार्टवाल्याने गादीवरून न उठता, गाडीकडे मान वळवायचेही कष्ट न घेता, नवीन पॅडचा डबा काउंटरवर आपटला. मेव्हण्याने तर फोनवर नुसता आवाज ऐकून निदान केलं, तेही पुण्यात बसून. गाडी चालवून आल्यावर चारी चाकांजवळ एकदा हात नेऊन बघावा, असं यातल्या एकाही विद्वानाला वाटलं नाही. मलाही वाटलं नाही, आणि मी गेली बावीस वर्षं आठवीच्या वर्गाला घर्षण शिकवतोय.

मला तपासायची गरजच नव्हती. दोषी मला घरातच सापडला होता. माझे वडील.

अण्णा साठीनंतर गाडी शिकले. आम्ही जालन्यात राहतो, जमीन अंबडच्या पुढे. दर शनिवारी सकाळी ते एकटे गाडी घेऊन शेतावर जायचे. तिथे त्यांना काम काही नसायचं, सगळं वाटेकरी बघतो. पण बांधाशी गाडी लावायची, दार ओढून घ्यायचं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकायची आणि पिकातून एक चक्कर मारायची, यासाठी त्यांचा सगळा आठवडा चालायचा. हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, तरी मी ठरवून टाकलं की म्हातारा माणूस आहे, भीतीने ब्रेकवर पाय टेकवून गाडी चालवत असणार, म्हणून ब्रेक तापतो आणि ओरडतो. असला पुरावा एखाद्या पोराने पेपरात लिहिला असता तर मी लाल पेनाने भला मोठा भोपळा काढला असता.

दिवाळीत बहीण-भाऊजी फराळाला बसलेले असताना मी हा शोध जाहीर केला. घर्षण, उष्णता, वयानुसार मंदावणाऱ्या हालचाली, असं सगळं व्याख्यान दिलं. भाऊजींनी चकली मोडत मान डोलावली. अण्णा म्हणाले की त्यांचा पाय ब्रेकवर नसतो. मी म्हणालो, तुम्हाला ते कळत नसणार. त्यांनी खिशातून किल्ली काढून फराळाच्या ताटाशेजारी ठेवली. मला तेव्हा फार जबाबदार मुलगा झाल्यासारखं वाटलं होतं.

त्यानंतर शनिवारी ते एसटीने जाऊ लागले. मग एक शनिवार आड. मग मला विचारून, मला वेळ असेल तर. गाडी माझ्या हातातही ओरडतच होती, पण त्यालाही माझ्याकडे उत्तर तयार होतं. अण्णांनी आधीच करून ठेवलेलं नुकसान आहे हे. हुशार माणसाला उत्तरांची टंचाई कधी पडत नाही.

जानेवारीत त्यांना जांब समर्थला जायचं होतं. मी चालवत होतो, ते शेजारी. अंबड मागे टाकलं आणि रबर जळाल्याचा वास आला. पुढच्या डाव्या चाकातून धूर निघत होता. जवळच एक पत्र्याचं गॅरेज होतं, तिथवर गाडी रखडत नेली.

तिथला मिस्त्री पन्नाशीचा, घाई नसलेला. त्याने पाण्याची बाटली घेतली आणि चारी चाकांच्या मधल्या भागावर थोडं थोडं पाणी शिंपडलं. तीन चाकांवरून ते ओघळून गेलं. डाव्या पुढच्यावर चर्रकन वाफ झाली. मी पुढे होऊन माझं व्याख्यान पुन्हा सुरू केलं, वडिलांचं वय, वडिलांचा पाय. अण्णा तिथेच बाकड्यावर बसले होते.

मिस्त्रीने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, पायानं दाबला तर ब्रेक सगळ्याच चाकाला बराबर लागतो. मंग हे एकटंच कसं तापलं?"

बावीस वर्षांच्या नोकरीत इतका सोपा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

चाक निवल्यावर त्याने जॅक लावला आणि हाताने चाक फिरवून दाखवलं. ते जेमतेम हललं. उजवं मात्र बोटाने ढकललं तरी गरगरलं. मग त्याने चाक काढलं. ब्रेकचा जबडा ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, त्यातली एक रुतून बसली होती, म्हणून पॅड चकतीला सोडतच नव्हते. ती ठोकून बाहेर काढली तर तिच्यावरचं रबर फुगून बोंडासारखं झालं होतं. मिस्त्रीने वास घेतला आणि विचारलं, "यात ट्रॅक्टरचं ग्रीस कुनी भरलं? त्यानं रबर फुगून जातं बिलकुल."

खंडेनवमीला आमच्याकडे शेतावर लोखंडाची प्रत्येक वस्तू बाहेर काढतात. विळे, कुऱ्हाडी, फाळ, पंप, ट्रॅक्टर. सगळं धुऊन, तेल-ग्रीस लावून मग हळदीकुंकू. यंदा मला गाडीचाही पुळका आला. फोनवर एक व्हिडिओ बघितला, हेच चाक उतरवलं आणि ट्रॅक्टरच्या डब्यातलं ग्रीस बोटाने त्या पिनांना भरपूर फासलं. अण्णा म्हणाले होते की गाडीला हे चालतं का, ते आधी मिस्त्रीला विचार. मी हसलो होतो. उरलेली तीन चाकं केवळ कंटाळा आला म्हणून वाचली.

मिस्त्री उत्तराची वाट बघत होता. मी म्हणालो, "माहीत नाही, कुणीतरी भरलं असेल." बाकड्यावरून अण्णांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग ते रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॉलीकडे बघत बसले. एवढा खोटेपणा करूनही मला वाटत होतं की आता सगळं सरळ होईल.

नवीन रबर, योग्य ते ग्रीस, पॅडही बदलले. मिस्त्रीने दूरवर एक फेरी मारून पुन्हा पाणी शिंपडलं. चारी चाकं सारखी. मी किल्ली अण्णांपुढे धरली. माफी मागायला जीभ वळेना, म्हणून एवढंच म्हणालो, "अण्णा, इथून पुढं तुम्ही चालवा."

त्यांनी किल्लीकडे बघितलं, पण हात पुढे केला नाही.

"न्हाई बाबा, तूच चालव," ते म्हणाले. "तू म्हनला तवापासून मी घरी खुर्चीवर बसून पाय उचलून-ठिवून बघून राह्यलो. आता पाय कुठं हाय, ते मलाच समजून न्हाई राह्यलं."

मग ते गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेले, आत बसले आणि पट्टा लावून घेतला.