धुळीत उभी राहिलेली रंजना

रंजना गेल्याचं मला तिच्या भावानं कळवलं. साताऱ्याहून फोन आला तेव्हा मी कॉलेजात तोंडी परीक्षा घेत होते. "ताई, आक्का गेली," एवढंच तो म्हणाला. मी फोन ठेवला आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं. त्याला काय विचारलं ते आता आठवत नाही. धक्का बसला असं लिहिलं तर ते खोटं होईल. कितीतरी महिने आम्ही सगळे त्या फोनचीच वाट बघत होतो. ती स्वतःसुद्धा.

सांगलीत डिप्लोमाला आम्ही एका वर्गात होतो. धातुशास्त्राच्या त्या वर्गात मुली दोघीच. मी हळदीच्या व्यापाऱ्याची मुलगी, जैन घरातली. ती कोरेगावकडची, वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले. वर्गात ती पुस्तकातल्यासारखं बोलायची आणि खोलीवर आलो की गावाकडचं. पुढे मी शिकवायला लागले. तिला मात्र ते नको होतं. "मला लोखंड वितळताना बघायचंय. फळ्यावर न्हाई," म्हणायची. कुपवाडच्या एका फौंड्रीत ती लागली ती वाळू तपासायच्या लॅबमध्ये. मालकांना वाटलं असणार, मुलगी आहे, सावलीत बसेल, लग्न ठरलं की जाईल.

फौंड्रीत वाळूचे साचे करतात, त्यांत वितळलेलं लोखंड ओततात आणि निवलं की साचा फोडतात. फोडताना पिठासारखी धूळ उठते. रंजना लॅबमधलं काम आटोपून त्या धुळीत जाऊन उभी राहायची. तिथले फोरमन आप्पा. ते सुरुवातीला सांगायचे, "आवं बाई, तुमी लॅबमध्येच बसा. हितं कापडं खराब हुत्यात." तिनं दोन खाकी शर्ट शिवून घेतले. खंडेनवमीला भट्टीची पूजा असे, तेव्हा बाईचा पाय नको म्हणून तिला दाराबाहेर थांबवत. काही वर्षं ती थांबलीही. मग एकदा आप्पा रजेवर असताना भट्टीचं आतलं अस्तर फुटून वितळलेलं लोखंड बाहेर यायला लागलं. तिनं सगळ्यांना मागं सारलं, भट्टी बंद केली, लोखंड खड्ड्यात सोडून दिलं. कुणाला चटकासुद्धा बसला नाही. त्या वर्षी पूजेचा नारळ आप्पांनीच तिच्या हातात दिला. ती संध्याकाळी थेट माझ्याकडे आली होती, खोबऱ्याचा तुकडा घेऊन.

त्या दिवसांत मी तिला एकच गोष्ट परत परत सांगायचे, की नाकाला काहीतरी बांध. ती हसायची. एकदा मात्र चिडून म्हणाली, "तितं एक बी गडी मास्क लावत न्हाई. मी लावला की म्हनतील, बाईला सोसंना. दुसऱ्या दिवशी परत लॅबमध्ये." तिचं बरोबर होतं... आणि तेच तिला खाऊन गेलं.

ती मॅनेजर झाली. तिच्या हाताखाली सगळे पुरुष. महिलादिनाला तिचा सत्कार व्हायचा, पेपरात फोटो यायचा. तिला त्याचं फार नव्हतं. तिला बायका आत आणायच्या होत्या. तोवर फौंड्रीत बायका होत्या त्या झाडायला आणि पाट्या उचलायला. माधवनगरची शोभा अशीच झाडायला होती. नवरा गेलेला, पदरी दोन मुली. रंजनानं तिला साचे करायच्या यंत्रावर उभं केलं, स्वतः शेजारी उभं राहून शिकवलं. मग आणखी बायका आल्या. पुरुष कुरकुरले. मालकांनी होकार दिला, बायका दांड्या मारत नाहीत म्हणून. कारण काही असो, रंजना त्या काळात जेवढी खूश होती तेवढी मी तिला कधी पाहिली नाही. लग्न तिनं केलं नव्हतं, त्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायची, माझ्याकडं ह्या बायकांचा केवढा बारदाना हाय बघा.

मग खोकला सुरू झाला. आधी टीबी समजून औषधं झाली. मिरजेच्या एका डॉक्टरांनी अखेर एक्स-रे बघून सांगितलं, की ही वाळूची, म्हणजे दगडाचीच धूळ आहे, फुफ्फुसात बसलीय, ती निघत नाही आणि दुखणं मागे फिरत नाही. दुसऱ्या दिवशी ती मास्क लावून कामावर गेली आणि सगळ्या बायकांना दरडावून मास्क वाटले. त्यांनी ते गळ्यात अडकवले. उकाड्यात त्यांचा जीव घाबरायचा. शोभा तिला म्हणाली, "मॅडम, तुमी कवा लावला न्हाई की."

हे मला सांगताना रंजना रडली.

धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसवावी म्हणून ती मालकांच्या मागे लागली. शिरवळच्या एका कारखान्यात तशी यंत्रणा होती. मालकांना गाडीत घालून तिथं घेऊन गेली. त्यांनी सगळं बघितलं, येताना हायवेला गाडी थांबवून मिसळ खाल्ली, तिलाही आग्रह केला आणि म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी तिला जिना चढवेना. मालकांनी अगदी मायेनं तिला विश्रांती घ्यायला सांगितलं आणि तिच्या जागी तिनंच शिकवलेला एक मुलगा बसवला.

भावानं तिला साताऱ्याला, आईजवळ नेलं. शेवटची भेटले तेव्हा नाकाला ऑक्सिजनची नळी होती, दोन शब्दांनंतर थांबावं लागत होतं. मी म्हटलं, तू किती बायकांना उभं केलंस बघ. ती म्हणाली, "उभं केलं... पन कुठं केलं गं?"

गेल्या आठवड्यात शोभाला घेऊन मी साताऱ्याला गेले. यंत्रणा अजून बसलेली नाही, हे तिनं वाटेतच सांगितलं. भावानं आम्हाला रंजनाची खोली दाखवली. रस्त्याची धूळसुद्धा सोसत नव्हती म्हणून तिनं खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावून घेतल्या होत्या. त्या त्यानं अजून काढलेल्या नाहीत. आत फक्त पलंग आणि पंखा. फरशी इतकी स्वच्छ की पाय ठेवायला संकोच वाटावा. शोभा पलंगाशी उभी राहिली, हात जोडले आणि तिला खोकला आला. पदर तोंडाशी धरून ती बाहेर अंगणात गेली, रंजनाच्या आईला ऐकू जाऊ नये म्हणून लांब, पार फाटकापर्यंत. तरी ऐकू येत होतं. मी गेले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, हे काम सोड आता. तिनं डोळे पुसले.

"सोडून कुठं जाऊ? मॅडमनी किती भांडून दिल्यालं काम हाय."

परत निघायची तिला घाई होती. सकाळी तिची पहिली पाळी होती.