चौसष्टांचा कोट

गोल्फ क्लबाच्या शिंपीकाकांना गोल्फमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ज्याचे फटके कमी तो जिंकतो, हे बायकोने त्यांना लग्नानंतर चौथ्या वर्षी समजावलं आणि तेही त्यांना मनातून पटलं नव्हतंच. तरी क्लबाची मोठी स्पर्धा आजवर कोणकोण जिंकलं हे विचारायला लोक त्यांच्याकडेच येत, कारण विजेत्याला मानाचा तांबडा कोट मिळे आणि तो काका शिवत. त्यांच्या वहीत नावं नव्हती, मापं होती. “वादळाचं साल ना? छाती बेचाळीस, डावा खांदा अर्धा इंच खाली,” असं ते सांगत आणि विचारणारा बरोबर माणूस ओळखे.

माप नजरेनेच घ्यायचं. खेळ संपण्याआधी टेप लावला तर खेळाडू हरतो, अशी क्लबात समजूत होती. म्हणून शेवटच्या दुपारी फलकावर पुढे कोण ते बघायचं, त्याला एकदा निरखायचं आणि कोट पुरा करायचा. सव्वीस वर्षं, सव्वीस कोट, एकही चुकला नव्हता. फटक्यांचे विक्रम कुणाचेही असोत, हा विक्रम काकांचा होता आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता.

यंदा एक काटकुळा पाच फटक्यांनी पुढे होता. काकांनी चारलाच शेवटचं बटण लावलं. मग काटकुळ्याने शेवटच्या दोन होलांवर तीन चेंडू तळ्यात घातले. जिंकला एक पैलवान, जो सकाळीच खेळ आटोपून कपडे बदलायच्या खोलीत घोरत पडला होता. त्याने त्रेसष्ट फटक्यांत मैदान संपवून बावीस वर्षांचा चौसष्टचा विक्रम मोडला होता.

काकांनी त्या घोरणाऱ्या देहाकडे एकदाच पाहिलं. अठ्ठेचाळीस! हातातला कोट होता अडतीसचा.

“उसवून वाढवायला आत माया किती ठेवलीय?” बटणं लावायला मदतीला आलेल्या बायकोने विचारलं.

“दीड इंच.”

“आणि हवंय दहा. बक्षीस अर्ध्या तासात. काय घाई होती हो तुम्हाला?”

काकांनी वही चाळली. अठ्ठेचाळीस एकदाच सापडलं. ते माप चौसष्टांचं होतं.

ज्यांचा विक्रम आता मोडला, तेच हे गृहस्थ. सगळे त्यांना चौसष्टच म्हणत. जुने विजेते कोट घालून पहिल्या रांगेत बसत, त्यात तेही होते. आजारपणाने ते पार वाळले होते आणि कोट अंगावर लोंबत होता. तीन वर्षं काका तो आत घेऊ का म्हणून मागे लागले होते. “ज्या मापात चौसष्ट मारले त्याला कात्री लागणार नाही,” हे ठरलेलं उत्तर.

काका त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. “साहेब, कोट हवा होता.”

“आत घ्यायला? नाही म्हटलं ना!”

“आत घ्यायला नाही. आजच्या विजेत्याला घालायला.”

काकांना स्वतःची लाज वाटली. माणसाचा विक्रम आजच गेला आणि आपण आपली चूक झाकायला त्याच्या अंगावरचा कोट मागतोय.

“एकच फटका कमी मारला लेकाने,” चौसष्ट म्हणाले आणि उठले. “बाही ओढ. आणि थांब, आतल्या खिशातल्या माझ्या गोळ्या काढू दे, नाहीतर तो खाईल.”

कोट निघाला आणि आत नुसता हाडांचा सापळा उरला. काकांना ते बघवेना. हातातला अडतीसचा कोटच त्यांनी त्या खांद्यांवर घातला. बाह्या मनगटावर थांबल्या, बटणं लागली, कुठे सुरकुती नाही. म्हातारा ताठ झाला.

“माझं माप कधी घेतलंस?”

“तीन वर्षं रोज घेतोय, साहेब.”

पैलवान तांबडा कोट घालून आला, तेव्हा टाळ्या वाजवायला पहिले उठले ते चौसष्ट.

“सत्ताविसावा चुकला हो तुमचा,” बायको हळूच म्हणाली.

“कुठे?” काकांनी पहिल्या रांगेकडे बोट केलं. “तो बघ.”