एकच कळफलक

लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानावरच्या माडीत गंगाधरपंतांचा टायपिंग क्लास होता आणि समोरच्या माडीत माधवरावांचा. दोघांची मशीनं दोन वेगळ्या कंपन्यांची, आणि मराठी अक्षरं कुठं बसवायची हे प्रत्येक कंपनीनं आपापल्या मर्जीनं ठरवलेलं. एकीच्या मशीनवर जिथं 'क', तिथं दुसरीच्या मशीनवर 'त'. त्यामुळे पंतांच्या हाताखाली तयार झालेली हुशार मुलगी दुसऱ्या कंपनीच्या मशीनपुढं बसली की ठार अडाणी.

पंतांना हे सहन होत नसे. "कंपन्यांनी खुशाल भांडावं, पण कळफलक सगळ्यांचा एकच हवा," वाचनालयात, स्टेशनवर, न्हाव्याकडं जो सापडेल त्याला ते ऐकवायचे. "शिकणाऱ्यानं एकदा शिकावं आणि कुठल्याही मशीनवर बसावं!" लोक त्यांना लांबून बघून रस्ता बदलत. एका दसऱ्याला मशीनांची पूजा आटोपल्यावर पंत झेंडूच्या माळेसकट आपलं मशीन उचलून माधवरावांच्या माडीवर गेले. दोघांनी मिळून मागणी करू, म्हणाले.

माधवरावांनी त्यांच्या हातावर सोनं ठेवलं. "पंत, सगळीकडं एकच झालं तर पोरी माझ्याकडंच कशाला येतील?"

पोरी फिदीफिदी हसल्या. ते जड धूड घेऊन पंत एकटेच जिना उतरले.

पंतांच्या क्लासात एक नियम देवाहून मोठा होता: कळांकडं बघायचं नाही. मान खाली गेली की बोटांवर पट्टी बसायची. पंत स्वतः खिडकीतून डोंगराकडं बघत टाइप करत आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता.

मग काही वर्षांनी सरकारनंच फर्मावलं, की सगळ्या कंपन्यांचा कळफलक एक. पंतांनी बाजारभर पेढे वाटले. पेढे वाटून झाल्यावर त्यांना नवं मशीन बघायला मिळालं. तो कळफलक त्यांच्या कंपनीचा नव्हता, माधवरावांच्याही कंपनीचा नव्हता, तिसराच होता. शिवाय क्लास चालवणाऱ्यांनीही नव्यानं परीक्षा द्यायची, नाहीतर क्लासला टाळं.

माधवरावांचा कुठल्याच कळफलकावर जीव नव्हता, म्हणून त्यांना विसरायलाही काही नव्हतं. मान खाली घालून, एकेक अक्षर हुडकत ते निर्लज्जपणे शिकले. पंतही घरी घोकत बसले, पण अर्ध्या आयुष्याची मुरलेली बोटं ऐकतात थोडीच!

"परीक्षेत तेवढं खाली बघा हो," बायको, चंद्रिकाबाई, काकुळतीला आल्या.

"पोरींना पट्ट्या मारल्या त्या कशासाठी? मी बघणार नाही."

वडगावला परीक्षा होती. घंटा झाली, पंतांनी खिडकीकडं तोंड केलं आणि बोटं सुटली. काय तो वेग, काय तो ठेका! बाकीचे हात थांबवून ऐकत राहिले. इतक्या दिवसांत पंत पहिल्यांदा सुखात होते. वेळ संपल्यावर त्यांनी कागद ओढला. पहिली ओळ मराठी होती. पुढं बोटं आपल्या जुन्या घरी निघून गेली होती; पानभर नुसता कचरा.

कागद गोळा करणाऱ्या शिदू शिपायानं तो उलटासुलटा करून पाहिला. "मास्तर, वाजत व्हतं लय ग्वाड. पन ह्ये कंच्या मुलखाचं लिवलंय?"

सगळा हॉल हसला. माधवराव तर डोळे पुसत हसले.

क्लासला टाळं लागलं, मशीनं भंगारात गेली. घर चालायचं तर मुलीला, नीरजाला, नोकरी हवी होती आणि नोकरीला टायपिंग. तिला घेऊन पंत पुन्हा तो जिना चढले. माधवरावांकडं आता दोन्ही कंपन्यांची नवी मशीनं ओळीनं मांडलेली होती.

"बोला पंत, कुठल्या मशीनवर बसवू हिला?" माधवरावांनी विचारलं. "मोठ्यानं सांगा, पोरींना ऐकू द्या."

पंतांनी मुलीचा हात सोडला.

"कुठल्याही बसवा," ते म्हणाले. "आता सगळीकडं एकच आहे."