मेंढीचा थेट परिणाम

सोलापूरजवळच्या एका सरकारी शेतावर मी फील्डमन होतो. कोरडवाहू ज्वारी कशी वाढवावी, याचे प्रयोग तिथे चालत. पाऊस बेताचा, म्हणून ज्वारीही बेताची. किस्से मात्र दरसाल भरघोस! एक सांगायला घ्यावा तर दुसरा आपणच पुढे येतो.

*

आमचे सुपरिंटेंडंट रावसाहेब आकड्यांचे वेडे. कुठल्या तुकड्याला कुठली ट्रीटमेंट, म्हणजे कुठलं खत नि कुठली मशागत, द्यायची, हे ते चिठ्ठ्या टाकून ठरवत. शेजारच्या गावचे पाटील एकदा ते बघून हबकलेच.

"चिठ्ठ्या टाकून शेती? जमीन कुटली चांगली, ते तुमाला कळत न्हाय व्हय?"

"कळतं, म्हणूनच चिठ्ठी! नाहीतर चांगला तुकडा मी माझ्या लाडक्या प्रयोगाला देईन."

पाटलांनी एक चिठ्ठी उचलून उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, "सोतावरच पाळत ठेवणारा सरकारी मानूस आज पयल्यांदा बघितला!"

*

कचेरीत हिशेबाचं एक यंत्र होतं. हँडल फिरवलं की गुणाकार. पीक निघालं की रावसाहेब दिवस दिवस ते फिरवत बसायचे. आमचा शिपाई इस्माईल एकदा न राहवून म्हणाला, "साब, इत्ता घुमाए तो बावडी का पानी ऊपर आ जाता था!"

"पाणीच काढतोय इस्माईल," रावसाहेब म्हणाले, "फक्त अजून लागलेलं नाही!"

*

आता बिरूची गोष्ट. बिरू धनगर. सरकारने ती जमीन घेतली त्याच्याही आधीपासून, त्याच्या बापाच्या वेळेपासून, उन्हाळ्यात त्यांच्या मेंढ्या तिथे बसत. मेंढ्या बसलेल्या रानात ज्वारी जोमदार येते, हे आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक. त्या बदल्यात बिरूला धान्य मिळे, त्यावर त्याचं घर पावसाळा काढी.

एके वर्षी पुण्याहून मोठ्या साहेबांचं पत्र आलं. 'सगळा गुण लेंडीखताचा आहे. खत गाडीने आणून टाकावे. मेंढ्या बसवणे बंद करावे.'

बिरू दिवसभर कचेरीच्या ओट्यावर बसून होता. जेवलाही नाही. रावसाहेबांनी उत्तर धाडलं : एक हंगाम द्या, मोजून सांगतो.

पण मोजायचं कसं? मेंढीपासून ज्वारीपर्यंत दोन वाटा. एक लेंडीतून जाणारी, दुसरी थेट. त्या वेगळ्या कशा करायच्या?

*

उत्तर रावसाहेबांच्या पत्नीने, वहिनीसाहेबांनी दिलं. जेवताना रावसाहेब म्हणाले, "तुम्ही माहेरी गेलात की माझं वजन उतरतं. हा तुमच्या नसण्याचा थेट परिणाम, की स्वयंपाक नसतो म्हणून?"

वहिनीसाहेब म्हणाल्या, "सोपं आहे. मी इथेच राहते, स्वयंपाक बंद करते. मग बघा!"

रावसाहेब आंचवायलाही थांबले नाहीत. उष्ट्या हाताने कचेरीत आले आणि ओरडले, "मेंढी ठेवायची, लेंडी बंद करायची!"

*

ते ऐकून बिरू हताश झाला. "सायेब, मेंढीला सांगून लेंडी थांबती व्हय?"

पण पठ्ठ्यानेच तोड काढली. गोणपाटाच्या पिशव्या शिवून त्याने मेंढ्यांच्या मागे बांधल्या. बाजाराला जाणारी माणसं वाट सोडून बघायला येत आणि विचारत, "बिरू, मेंढ्यांस्नी लंगोट?"

"सरकारी हाय!" बिरू ताठ मानेने सांगायचा.

असे चार प्रकारचे तुकडे झाले : एकात काहीच नाही, एकात नुसती टोपलीने टाकलेली लेंडी, एकात पिशवीवाल्या मेंढ्या आणि एकात मोकळ्या मेंढ्या. आमच्यासारखा प्रयोग दुसऱ्या कुणी केला असेल, असं मला आजही वाटत नाही. अभिमान वाटतो, का लपवू?

*

सुगीला मोठे साहेब स्वतः आले. खळ्यावर वजनं झाली. लेंडीचा तुकडा रिकाम्यापेक्षा सरस. पण पिशवीवाल्या मेंढ्यांचाही सरस! आणि मोकळ्या मेंढ्यांचा सगळ्यांच्या वर.

रावसाहेबांचा चेहरा उजळला. "पाहिलंत? लेंडी वजा केली तरी मेंढीचा थेट परिणाम उरतोच!"

साहेबांनी चष्मा पुसला. "थेट म्हणजे काय, रावसाहेब? मेंढीने ज्वारीकडे नुसतं पाहिलं आणि ज्वारी वाढली? कारण सांगा, नाहीतर माझा हुकूम कायम."

रावसाहेब आकडे पुन्हा तपासू लागले. मी वहीत डोकं घातलं. बिरूचा हक्काचा घास जायची वेळ आली होती.

तेवढ्यात बिरूच पुढे झाला. डोक्याचं मुंडासं सारखं करून म्हणाला, "सायेब, बोलू का? गोणपाटात लेंडी ऱ्हाती. मूत न्हाय ऱ्हात."



साहेबांनी एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा तुकड्याकडे. मग म्हणाले, "अस्सं! मग लेंडीबरोबर तेही गाडीने आणू."

"आना की," बिरू म्हणाला. "पर भांडं धरून मागं कोन बसनार, तेवढं हुकमात लिवा!"