बोलावल्याशिवाय आत न येणारी

लघुपट पूर्ण होण्याच्या कितीतरी आधी त्याचे किस्से पूर्ण होतात, असे माझे निरीक्षण आहे. एकाच लघुपटावरून नियम मांडणे योग्य नव्हे, हे मला मान्य आहे. पण आमच्या लघुपटाचे अजून एडिटिंगही झालेले नाही आणि किस्से मात्र मावेनासे झाले आहेत!

एम.ए.ला माझ्यासोबत असलेल्या निखिलने हॉरर फिल्म करायचे ठरवले. गोष्ट साधी होती. एका एकट्या मुलीची एका लहान व्हँपायर मुलीशी मैत्री होते. व्हँपायरचा नियम असा, की घरातल्या माणसाने बोलावल्याशिवाय तिला उंबरठा ओलांडता येत नाही. शेवटी ती एकटी मुलगी म्हणते, "ये ना आत." सगळा चित्रपट या तीन शब्दांवर उभा होता. माझ्याकडे कंटिन्युइटी होती, म्हणजे आधीच्या शॉटमधले सारे पुढच्या शॉटमध्ये तसेच आहे ना, हे पाहण्याचे काम.

*

एकट्या मुलीच्या भूमिकेसाठी ऑडिशन घेतली, तेव्हा बदलापूरहून आलेली सान्वी कॅमेऱ्यासमोर नुसती बसून राहिली. विचारले त्याचे उत्तर नाही, दिलेले वाक्य नाही. निखिल भारावून गेला.

"काय एकटेपणा दाखवलाय पोरीने! एक शब्द न बोलता!"

तिची आई संकोचून म्हणाली, "तिने काही दाखवलं नाही हो. मिरजेहून आमची बदली झाल्यापासून ती अशीच आहे. नव्या बिल्डिंगमध्ये कुणाशी बोलतच नाही. म्हटलं, इथे तरी बोलेल."

त्या वाक्यानंतर हा लघुपट आमच्यासाठी केवळ लघुपट राहिला नाही, असे मी सावधपणे म्हणेन.

*

व्हँपायर, म्हणजे महक, आम्हाला उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये मिळाली. तिच्या पप्पांचा जीन्स शिवायचा छोटा कारखाना आहे. पहिल्या दिवशी तिचे हात पाहून निखिल थक्क झाला: बोटे निळसर, अगदी गोठल्यासारखी.

"मेकअप कुणी केला? अप्रतिम!"

कुणीच केला नव्हता. ती नव्या जीन्सच्या ढिगावर खेळून आली होती आणि कच्चा रंग हाताला लागला होता. आम्ही तोच रंग कायम ठेवायचे ठरवले.

पुढच्या रविवारी ती आली, तर हात काळे! कंटिन्युइटीच्या जबाबदारीने मी जवळजवळ ओरडलेच. ती शांतपणे म्हणाली, "दीदी, मैं क्या करूँ? इस हफ्ते ब्लॅक का लॉट है."

*

रक्त आम्ही गुलाबाच्या सरबतात कोको पावडर घालून केले होते. महकने ग्लास नाकाशी नेला आणि परत खाली ठेवला.

"ये वेज है ना?"

"पूर्ण व्हेज."

"आज सोमवार है. मम्मी से पूछना पड़ेगा."

व्हँपायरने आईला फोन करून उपवासाला रक्त चालते का, हे विचारले. चालते, असे उत्तर आले.

हा संवाद ऐकून सान्वी हसली. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो असा.

*

शूटिंग अंबरनाथ पश्चिमेला, निखिलच्या शालनकाकूंच्या चाळीतल्या खोलीत होते. काकूंना व्हँपायर समजावून सांगणे ही एक स्वतंत्र परीक्षा होती.

"म्हणजे हडळ का रे?"

"नाही काकू. ही रक्त पिते, पण कुणी बोलावल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाही."

"मग चांगल्या घरची दिसते!"

*

खरी अडचण पुढे होती. त्या चाळीत दारे दिवसभर उघडी असतात आणि कुणीही कुणाच्याही घरात थेट ओट्यापर्यंत जाते. दाराबाहेर ताटकळणारे मूल पाहणे काकूंना सहनच होईना. महक उंबरठ्याशी उभी राही, सान्वी ओठ उघडू लागे आणि आतून हाक येई, "अगं ये ना आत, बाहेर काय उभी! पोहे गार होतायत!"

मग महक खरोखरच आत जाई आणि पोहे खाई. टेकमागून टेक वाया गेले. काकूंना शेजारी नेऊन बसवले, तर शेजारीण बोलवू लागली!

शेवटी कुणीच मध्ये बोलले नाही, तेव्हा सान्वीने वाक्य म्हटले. ओठ हलले, माइकमध्ये काहीच आले नाही. निखिल थकून मला हळूच म्हणाला, "हे तीन शब्द दुसऱ्या कुणाकडून डब करून घेऊ."

महकने ते ऐकले. "उसकी लाइन कोई और बोलेगा? तो मैं अंदर क्यों जाऊँ?"

*

म्हणून शेवटचा प्रयत्न करायला आम्ही सान्वीच्या बदलापूरच्या घरी गेलो. मजल्यावरची सगळी दारे बंद होती. सान्वीच्या आईने दार उघडले. निखिल आणि मी आत गेलो. महक बाहेरच थांबली.

"ये की गं बाळा," आई म्हणाली.

महकने मान हलवली आणि आईच्या मागे उभ्या असलेल्या सान्वीकडे पाहिले. निखिलही तिला समजावू लागला. ती जागची हलली नाही. थोड्या वेळाने तिने खांदे पाडले, चप्पल पायात सरकवली आणि लिफ्टकडे वळली.

"ये ना आत!"

सान्वीची ती हाक जिन्यात घुमली. निखिलचा रेकॉर्डर अजून बॅगेतच होता.

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटचे दार उघडले. ते उघडलेले सान्वीच्या आईनेही कधी पाहिले नव्हते. ओल्या हातांनी एक आजी बाहेर आल्या आणि पायपुसण्यापाशी अडखळल्या.

"मला बोलावलंस का गं?"

सान्वी गोंधळून महककडे पाहू लागली. महक अगदी गंभीरपणे म्हणाली, "हाँ बोल दे. नहीं तो वो भी बाहर ही खड़ी रहेंगी."