केवळाबाईचं तोंड आलं

बोरीच्या आश्रुबाला काम एकच होतं, रेघ तुटू न देणं. हसू नका, सरकार त्याला त्याचाच पगार देत होतं! गावाबाहेरच्या सरकारी बियाणे फार्मावर पांढऱ्या लाकडी पेटीत एक यंत्र होतं. ऊन किती तापलं ते यंत्र आपलं आपण लिहून ठेवायचं. चावीवर एक डबा फिरायचा, डब्याला आखीव कागद गुंडाळलेला, आणि कागदाला टेकलेली बारीक लेखणी आठवडाभर वर-खाली रेघ ओढत राहायची. दर सोमवारी आश्रुबा चावी द्यायचा, लेखणीत शाईचा थेंब सोडायचा आणि भरलेला कागद परभणीला मोठ्या साहेबांकडे, आबासाहेबांकडे पाठवायचा. गाव त्याला 'यंत्रवाले साहेब' म्हणायचं. चौथीपर्यंत उर्दू शिकलेल्या माणसाला ते किती गोड लागत असेल, तुम्हीच सांगा.

घात केला शाईनं. ही शाई साधी नव्हे, लेखणीत आठ-आठ दिवस न वाळणारी. ती हैदराबादेहून यायची. छप्पन साली आपला मुलूख मुंबईला जोडला गेला आणि झाला घोळ. हैदराबाद म्हणालं, आता तुम्ही आमचे नाहीत. मुंबईनं विचारलं, कसली शाई? सत्तावन्नच्या उन्हाळ्यात बाटली कोरडी पडली. परभणीच्या एका दुकानदारानं बाहेरून मागवायची जी किंमत सांगितली, ती ऐकून आश्रुबा पुढ्यातला चहा न पिताच उठला.

मग सुरू झाले उद्योग. शाळेतल्या पोरांच्या शाईच्या गोळ्या पाण्यात घोळल्या, तर ती शाई बोरीच्या उन्हात तासाभरात वाळून खडा. वाळू नये म्हणून आश्रुबानं तिच्यात काकवी घातली. शाई वाळली नाही, पण मुंग्या आल्या की हो! काकवी चाटायला लेखणीवर चढल्या, आणि त्या आठवड्यात बोरीचा पारा अंगात आल्यासारखा नाचला. आबासाहेबांची चिठ्ठी आली, 'पुन्हा असली रेघ आली, किंवा रेघ तुटली, तर आम्ही दुसरा माणूस बघू.'

आश्रुबानं रिकामी बाटली पुन्हा हातात घेतली. तिच्यावरच्या उर्दू चिठ्ठीत एक शब्द होता, ग्लिसरीन. ते गावातच मिळत होतं! दवाखान्यातला कंपाउंडर बन्सीधर तोंड आलेल्या माणसाच्या जिभेला ते लावायचा. पण यंत्रवाल्या साहेबानं दवाखान्याच्या दारात शाईसाठी हात पसरायचा? सरकारी यंत्राला शाई नाही म्हणून सांगायचं? छे! बन्सीधरनं "काय होतंय?" म्हणून विचारलं आणि आश्रुबा बोलून गेला, "अण्णा, मायचं तोंड आलंय."

"टाकणखार घालून देतो."

"नगं, नुस्तं द्या. खार लय झोंबतो तिला."

बघा, किती पटकन सुचलं! गोळ्यांच्या जांभळ्या शाईत ग्लिसरीन मिसळलं आणि रेघ अशी उमटली की बघत राहावं. दुसऱ्या आठवड्यात त्यानं पुन्हा नेलं, तिसऱ्यातही नेलं. बन्सीधर बिचारा मायेनं विचारायचा, मावशीला उतार हाय का? हा मान खाली घालून म्हणायचा, न्हाई अजून.

इकडे त्याची माय केवळाबाई ओट्यावर बसून भाकरीबरोबर हिरवी मिरची कचाकचा चावत होती. तिला जन्मात कधी तोंड आलं नव्हतं.

वैशाखात दत्तराव पाटलांच्या लेकीचं लग्न निघालं. बायकांच्या पंगतीत आश्रुबा वांग्याच्या भाजीची बादली घेऊन वाढत होता. ती झणझणीत भाजी म्हणजे केवळाबाईचा जीव की प्राण, लग्नाचं आवतन आल्यापासून ती त्या भाजीचंच नाव काढत होती. तो तिच्या पत्रावळीशी वाकला, तोच मागून भाताची परात घेतलेला बन्सीधर ओरडला, "आरं यंत्रवाले, सोताच्या मायला तिखट वाढायलास? महिना झाला तोंड आलंय ना तिचं! मावशी, तुमी दूध-भात घ्या."

सगळी पंगत वळली. केवळाबाईनं लेकाकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडला होता आणि बादलीच्या कडीवरची बोटं जांभळी होती. तिला काय कळलं, किती कळलं, देव जाणे. ती म्हणाली, "व्हय रं बाबा, लय आलंय."

आणि तिनं दूध-भात खाल्ला. भाजीची बादली तिच्यासमोरून पुढं गेली, आणि ती नेणारा तिचा पोटचा पोरगा होता. आश्रुबाला वाटलं, धरणी दुभंगावी आणि बादलीसकट आपल्याला पोटात घ्यावं.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. शेजारची कोंडाबाई दुसऱ्या दिवसापासून ताकातल्या कण्या घेऊन यायला लागली. केवळाबाई ओट्यावर, सगळ्यांच्या देखत, त्या आळणी कण्या खायची. मिरचीला तिनं हात लावला नाही. लेकाला एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं, चार शिव्या हासडल्या असत्या, तर त्याचा जीव हलका झाला असता.

अकराव्या दिवशी आश्रुबा दवाखान्यात गेला आणि त्यानं बन्सीधरला सगळं सांगून टाकलं.  बन्सीधरनं बाटली भरली, वहीत 'फार्माच्या यंत्रासाठी' असं लिहिलं आणि बाटली पुढं सरकवली.

"बस, एवढंच होतं. सरकारचं औषध, सरकारचं यंत्र. मागितलं असतंस तर तवाच दिलं असतं. मागायची लाज वाटली व्हय रं? आन् मायचं तोंड आणायची न्हाई वाटली?"

आश्रुबा घरी आला, तेव्हा केवळाबाई ओट्यावर कण्या कालवत होती. त्यानं आतून ठेचा आणला, तिच्या ताटाशी ठेवला आणि समोर बसला.

"माय, मी लबाड बोललो. कंपाउंडरला सांगून आलो सगळं. तू ठेचा खा."

तिनं ठेच्याकडे पाहिलं. तोंडाला सुटलेलं पाणी गिळताना ती त्याला स्पष्ट दिसली. मग तिनं ताट उचलून ठेच्यापासून लांब ठेवलं.

"आज न्हाई. कंपाउंडरला ठावं झालं, गावाला कुठं झालंय? आज एकदम ठेचा खाल्ला तर कोंडाबाई म्हणंल, केवळाचा लेक लबाड हाय." ती पुन्हा कण्या कालवायला लागली. "जरा दमानं बरं होऊ दे मला."