पाचशे त्र्याऐंशीची दुसरी बाजू

रेल्वेवर प्रेम करणाऱ्या माणसांचा मला वीट आला आहे. गळ्यात कॅमेरा, छातीवर इंजिनाचा बिल्ला आणि तोंडी सतत 'आमच्या वेळची डिझेलं'. प्रेम कसलं डोंबलाचं! इंजिनापुढे उभं राहून स्वतःचा फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा आणि खाली इंजिनाचा नंबर चुकीचा लिहायचा. आमच्या नगरात (जिल्ह्याचं नाव बदललं, पण माझी जीभ काही वळत नाही) इंजिनांबद्दल खरं तेवढंच सांगणारा एकच माणूस मला ठाऊक आहे. त्याच्याशी मी जे वागलो ते सांगायला बसलोय.

अझीम त्याचं नाव. स्टेशन रोडला त्याचं रेडियमचं दुकान आहे. गाड्यांच्या नंबरप्लेटा, टेम्पोच्या काचेवरचे 'आईचा आशीर्वाद', दुकानांच्या पाट्या हे त्याचं पोटापाण्याचं काम. मी पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, तेव्हा हा माझ्या वर्गात होता. फुलदाणी काढ म्हटलं तर फुलदाणीऐवजी इंजिन काढायचा. मी कान पिळायचो. कान सोडला की उरलेली चाकं काढायचा.

आता पंचेचाळिशी गाठली, तरी खोड गेलेली नाही. दुकानाच्या मागच्या फळीवर त्याच्या चौदा वह्या आहेत. मनमाड-दौंड लाइनवर धावलेलं एकेक डिझेल इंजिन त्यात आहे. नंबर काय, कोणत्या लोको शेडचं, कधी दिसलं, रंग कोणता, पुढचे दिवे किती, भोंगा कुठे, जाळी कसली. परक्याला सगळी इंजिनं सारखीच दिसतात. पण ज्यांना त्यांची हुबेहूब छोटी मॉडेलं करायची असतात, त्यांना अमुक नंबरचं इंजिन अमुक साली कसं दिसत होतं ते हवं असतं. पुण्याहून, बंगळुरूहून याला फोन येतात. हा नंबरप्लेट कापता कापता वहीचं पान न उघडता सांगतो, आणि तरी शेवटी म्हणतो, "थांबा, वही बघू द्या."

त्या वह्यांना एक नियम आहे. स्वतः पाहिलं, किंवा त्याच काळातला फोटो, कागद हाती आला, तर नोंद पेनानं. कोणी नंतर आठवून सांगितलं, तर पेन्सिलनं. सांगणारा स्टेशन मास्तर का असेना.

गेल्या वर्षी त्यानं पाचशे त्र्याऐंशी नंबरचं मॉडेल करायला घेतलं. हे इंजिन शेवटची तीन वर्षं नगरच्या यार्डात डबे ढकलत होतं, मग भंगारात गेलं. तिथे ते वळवून उलटं करायची सोय नाही. पुढे जावो की मागे, प्लॅटफॉर्मकडे त्याचा कायम एकच गाल. साहजिकच सगळ्या प्रेमवीरांनी तोच गाल टिपला होता. दुसऱ्या बाजूचा, रुळांपलीकडच्या लिंबांकडचा, त्या तीन वर्षांतला एकही फोटो अझीमला मिळेना. दोनशे माणसांच्या ग्रुपवर विचारलं, तर उत्तरादाखल सव्वाशे जणांनी तोच गाल पुन्हा पाठवला.

मग तो लिंबांकडे गेला. तिथे गोजरबाई राहते, शेळ्या राखते. ती इंजिनाचा फोटो बघताक्षणी म्हणाली, "त्याला ठिगळ हुतं की. खिडकीखाली, चौकोनी. लई दिस तांबडंच हुतं, कुणी रंग न्हाई दिला."

अझीमनं पेन्सिलनं लिहून घेतलं आणि रविवारी एसटीनं जामखेडकडे गेला. त्या इंजिनावरचे ड्रायव्हर भिमाजी तिकडे गावी असतात. साखरेनं त्यांचे डोळे गेलेत. अझीमनं अर्धवट झालेलं, वीतभर लांबीचं मॉडेल त्यांच्या हातात दिलं. म्हाताऱ्यानं खिडकी चाचपली, बोट खाली सरकवलं आणि म्हणाला, "हितं पत्रा जोडल्याला हुता. मालधक्क्यावर ट्रकनं ठोकलं तवाचा. कोपर टेकलं की कड टोचायची, दोन सदरे फाटले माजे. तुजं ते करायचं ऱ्हायलं."

ही नोंदही पेन्सिलनंच झाली. पण अझीमनं तांबड्या रेडियमचा, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा ब्लेडनं कापला आणि खिडकीखाली बसवला.

जानेवारीत शिर्डीच्या एका हॉटेलात प्रतिकृतींची स्पर्धा भरली. भरवणाऱ्या मंडळाचं नाव घेऊन मी त्यांना मोठं करणार नाही. मंडळ इंजिनांची छापील सूची काढणार होतं, आणि स्पर्धेत मान्य झालेल्या मॉडेलचा तपशील तिच्यात प्रमाण म्हणून जाणार होता. तीन परीक्षक होते. कल्याण नावाचा लॅपटॉपवाला इंजिनिअर, हॉटेलचा मालक, आणि कलेतला स्थानिक माणूस हवा म्हणून मी. अझीम आदल्या दिवशी मला एवढंच म्हणाला होता, "बक्षीस नको, सर. इंजिन तर कापून विकलं. आता छापतील तेवढंच राहणार. जसं होतं तसं छापून यावं, बस."

हॉलमध्ये झेंडूच्या माळा, अत्तराचा फवारा आणि मोठ्यानं लावलेली भजनं. हॉटेल मालकाच्या पुतण्यानं बाहेरून तयार आणलेलं इंजिन मध्यभागी होतं. त्याला निळे दिवे लावले होते, बटण दाबलं की ते शिट्टी मारायचं. त्या रंगात ते इंजिन आयुष्यात कधी धावलं नव्हतं. पण त्याच्या भोवती ही गर्दी!

अझीमच्या फॉर्मवर पुराव्याच्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं होतं: 'खिडकीखालचं चौकोनी ठिगळ, ऐकीव. साक्षीदार गोजरबाई व भिमाजी.' कल्याणनं लॅपटॉपवर सव्वाशे फोटो दाखवले. "एकातही ठिगळ नाही. गोजरबाई कोण?"

"शेळ्या राखतात," अझीम म्हणाला. "आणि हे सगळे फोटो प्लॅटफॉर्मकडच्या बाजूचे आहेत, साहेब."

"आणि भिमाजी?"

"ड्रायव्हर. आता दिसत नाही त्यांना."

हॉटेलवाला खो खो हसला. "एक शेळीवाली, एक आंधळा. छान साक्षीदार!" कल्याणही हसला. शिसारी आली मला त्या दोघांची. पण हेही सांगतो, की 'खिडकीखालचं चौकोनी' हे शब्द वाचताना माझ्या डोक्यात काहीतरी हललं होतं. कुठेतरी पाहिलंय, असं वाटलं होतं. थांबा म्हणावं, एक दिवस मागावा. पण दीड वाजला होता, आत पंगत बसत होती, पनीरचा वास येत होता, आणि लॅपटॉपवाल्यासमोर 'मला असं वाटतं' म्हणायची लाज वाटली. कल्याणनं लिहिलं, 'काल्पनिक तपशील, नोंद बाद.' खाली तीन सह्या, त्यातली तिसरी माझी. सही करून मी जेवायला गेलो आणि दोनदा श्रीखंड घेतलं.

अझीमनं मॉडेल रुमालात गुंडाळलं. माझ्याकडे बघून "येतो, सर" म्हणाला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर चैन पडेना. दुसऱ्या दिवशी माळ्यावरचे शाळेचे गठ्ठे काढले. पोरांची चित्रं टाकवत नाहीत मला. दुपारी आठवी ब चा गठ्ठा सापडला, २०१५चा. त्या वर्षी मी वर्ग निसर्गचित्राला नेला होता, सावली चांगली म्हणून, रुळांपलीकडच्या लिंबांखाली! चौतीस पोरांनी लिंब काढले होते. अश्विनी नावाच्या एका मुलीनं समोर उभं असलेलं इंजिन काढलं होतं. नंबरासकट, पाचशे त्र्याऐंशी. खिडकीखाली कागद खरवडलेला. खोडरबरानं खोडलेलं होतं, पण उजेडात तिरपं धरलं तर चौकोनाच्या चारही रेघा उमटून दिसत होत्या. शेजारी तांबड्या पेनानं माझा शेरा: 'इंजिनावरचा तांबडा चौकोनी डाग खोडावा. चित्र स्वच्छ हवे. १० पैकी ५.' खाली माझी सही आणि तारीख.

त्या पोरीनं डोळ्यांनी पाहिलं ते काढलं होतं, आणि मी, चित्रकलेच्या मास्तरनं, ते खोडायला लावून वर मार्क कापले होते. कालच्या हॉटेलवाल्यात आणि माझ्यात फरक काय? तो निदान हसला तरी, मी तर शिकवण म्हणून केलं. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

चित्राचा फोटो कल्याणला पाठवला. सविस्तर लिहिलं. संध्याकाळी उत्तर आलं: एक अंगठा, आणि 'छान सर, पण सूची प्रेसला गेली. पुढच्या आवृत्तीत बघू.' पुढची आवृत्ती म्हणजे काय, ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

सकाळी चित्र घेऊन दुकानात गेलो. अझीम कोणाच्या तरी बुलेटचा नंबर चिकटवत होता. मी कागद पुढे केला. त्यानं हात पुसले, कागद उजेडात तिरपा धरला. बराच वेळ. मग शेरा वाचला. त्याचा चेहरा फुलला, अगदी लहानपणी फुलायचा तसा.

"तारखेसकट आहे, सर!"

"सूचीत काही जाणार नाही आता, अझीम. माझ्यामुळे."

"वहीत तर जाईल."

त्यानं नववी वही काढली, पेन्सिलीची ओळ पेनानं गिरवली. मग मोबाईल लावला. "भिमाजीकाका, ठिगळ पेनानं झालं बघा," म्हणाला. पलीकडून म्हातारा काहीतरी मोठ्यानं बोलला, दोघं हसले. फोन ठेवून त्यानं खाली पुराव्याच्या दोन ओळी लिहिल्या आणि मला दाखवल्या.

'पाहिलं: अश्विनी, आठवी ब, २०१५.
खोडायला लावलं: ड्रॉइंगचे सर.'

चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. "ती दुसरी ओळ हवीच का रे?"

"घडलंय ना, सर?"

"घडलंय."

"मग पेनानंच," तो म्हणाला, आणि शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली.